आकडी पुढे

टोपीला पीस लावावं ते बुर्गलनेच, असं आल्प्समधलं अख्खं त्सिलर खोरं म्हणायचं आणि बुर्गल स्वतःही म्हणायची. रानकोंबड्याच्या शेपटीचं काळं, आकडीसारखं पीस तिने एकदा शिवलं की वाऱ्याची काय टाप होती ते हलवायची. आकडी मागे वळलेली असली तर गडी जत्रेत नुसती बीअर प्यायला आलाय. पुढे वळलेली असली तर तो म्हणतोय, आहे का कुणी माईचा लाल माझ्याशी झुंजायला?

जत्रेच्या सकाळी क्विरिन आला. वरच्या कुरणावरचा गुराखी, उंच आणि मुखदुर्बळ. तो बुर्गलच्या मनात केव्हाचा भरला होता, पण बोलायचं कुणी? तिने पीस लावून टोपी दिली, ती डोक्यावर चढवून तो निघाला. कोपऱ्यावर तो वळताना बुर्गलला टोपी बाजूने दिसली. आकडी पुढे होती.

ती तशीच धावत सुटली. एकदा पुढे केलेली आकडी गड्याने स्वतः मागे फिरवली, तर जन्मभर भित्रा म्हणून नाव. पीस लावणारीने आपली चूक कबूल केली तरच तो सुटणार, पण मग तिच्याकडे टोपी कोण आणणार? जायचं तर जाऊ दे काम, असं म्हणत ती आखाड्यापाशी पोचली. तिथे खाटीक कासियान, दोन जत्रा अजिंक्य राहिलेला, क्विरिनसमोर बाह्या सारत होता.

"थांबा, ते पीस मी..."

"मी वळवलं," क्विरिन मोठ्याने म्हणाला. "वाटेत. हिने मागेच लावलं होतं."

"मग ये," कासियान म्हणाला. "घरी सांगून आलायस ना?"

काय झुंज झाली! कासियानला वाटलं, एका डावात काम फत्ते. पण वासरं आवळून आवळून गुराख्याची मिठी लोखंडी झाली होती. लोक बाकांवर चढले. बुर्गल ओरडून ओरडून घोगरी झाली. शेवटी क्विरिनची पाठ टेकलीच, आणि रिवाजाप्रमाणे कासियानने त्याचं पीस उपटून आपल्या टोपीत खोवलं.

आता बुर्गलला राहवेना. ती सरळ आखाड्यात शिरली.

"खोटं बोलतोय हा. उलटं मीच लावलं. हा दारात उभा होता आणि माझे हात थरथरत होते, बास."

बायका खुसखुसायला लागल्या. क्विरिनने नाकाचं रक्त पुसलं आणि बोडकी टोपी तिच्यापुढे धरली.

"मग आता काय," तो म्हणाला, "मी समोर असताना तुला कामच करता यायचं नाही?"

"होईल सवय," बुर्गल म्हणाली. "रोज दिसलास तर."