नेल्सन, चढ!

वाल्पाराइसो शहरातल्या आमच्या टेकडीवर संध्याकाळचा चहा गरम पावाशिवाय होतच नाही. पाव मिळतो पायऱ्यांच्या तळाशी, नेल्सनच्या भट्टीत. हा नेल्सन तान्हा असताना नुसती काडी होता. तेव्हा वरच्या दवाखान्यातल्या एडेल्मिराबाई दुधाच्या पावडरचे डबे घेऊन घरोघर फिरायच्या. मांडीला चिमटा काढल्यावर ज्या पोराची नुसती कातडी हाती यायची, त्याला उचलून थेट दवाखान्यात न्यायच्या. पुढे टेकडीवरची सगळी पोरं गुबगुबीत झाली, तेव्हा बाई केवढ्या मिरवल्या!

आता नेल्सन दारातून तिरका होऊन बाहेर पडतो. त्याला शुगर आहे. वरच्या गिऱ्हाइकांना तो मोटारसायकलवरून घरपोच पाव पाठवतो आणि आमची पोरं ते सोफ्यावर लोळत हाणतात. पोरांचं कशाला, मीही तेच करते.

परवा ऐंशीच्या एडेल्मिराबाई मागच्या रस्त्यावर मोटारसायकलला आडव्या उभ्या राहिल्या.

"उद्यापासून ज्याला पाव हवा, त्याने पायऱ्या उतरून आणायचा!"

"आणि तुम्हाला कोण आणून देणार?" मी खवचटपणे विचारलं.

"नेल्सन. पायऱ्यांनीच."

दुसऱ्या दिवशी नेल्सन पाव घेऊन निघाला खरा, पण निम्म्यातच कठड्याला धरून बसला.

"मावशी, जीव घेता का माझा?"

"तो मीच वाचवलाय, गाढवा!" वरून बाई कडाडल्या. "तेव्हा मी तुला कडेवर घेऊन चढायचे. आता तुला उचलेल असा या टेकडीवर कोणी नाही. चढ!"