बारातघर उक्तं दिलं

त्या आगीत कुणाला काही झालं नाही, म्हणून मी हे एवढ्या मोकळेपणाने लिहू शकते. दक्षिण दिल्लीत शहराने वेढलेल्या एका गावाच्या कडेला आमच्या खात्याचं बारातघर आहे. बारातघर म्हणजे लग्नाचा सरकारी हॉल. ज्यांना फार्महाउस परवडत नाही त्यांच्या मुलामुलींची लग्नं इथे लागतात. एका सकाळी हलवायाच्या भट्टीवरून पडद्यांना आग लागली आणि वऱ्हाड यायच्या आत स्वयंपाकघर नि अर्धा हॉल जळून गेला. कार्यकारी अभियंता म्हणून दुरुस्ती माझ्याकडे आली. काम कुणाला मिळणार हे टेंडर ठरवतं, पण ते कुठल्या पद्धतीने द्यायचं हे मी सुचवायचं होतं. तिथेच माझं डोकं भलतीकडे धावायला लागलं, कारण त्या भागातलं प्रत्येक टेंडर सगळ्यात कमी भावाने कोण भरतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या ठेकेदाराशी माझं जुनं वैर. मागे एका दवाखान्याच्या कामात त्याने न केलेल्या प्लास्टरवर सही करायला मी नकार दिला. त्याने निनावी अर्ज ठोकला की मॅडम पैसे खातात. निनावी कसला, चहाच्या टपरीवर तो स्वतःच सांगत फिरत होता. चौकशी बसली. तीत काही निघणार नव्हतं आणि निघालंही नाही, पण ती चालू असताना कुणा आगाऊ नातेवाइकाने ही बातमी साताऱ्याला माझ्या वडिलांच्या कानावर घातली. वडील शाळामास्तर, शाळेचा खडूसुद्धा कधी घरी न आणणारे. फोनवर त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग आवाज खाली करून म्हणाले, "घेतलेस का गं?"

मी नाही म्हणाले. "बरं," ते म्हणाले.

त्या "बरं"मध्ये विश्वास होता की नव्हता, मला आजवर कळलेलं नाही. मी निर्दोष असल्याचा कागद हातात पडायच्या आत ते गेले. त्यानंतर त्या ठेकेदाराची पांढरी गाडी रस्त्यात दिसली तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता पद्धतींचं सांगते. एक आयटम रेट: जेवढं काम निघेल तेवढं मोजायचं आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. दुसरी लम्प सम, दिल्लीतल्या कागदांत एकमुश्त, आमच्याकडे उक्तं: सगळ्याची मिळून एकच रक्कम ठरवायची, पुढे आत काय निघेल ते ठेकेदाराचं नशीब. जळालेल्या इमारतीला पहिलीच पद्धत बरी, हे कुठलाही इंजिनियर झोपेत सांगेल, कारण काजळीखाली काय दडलंय हे खरवडल्याशिवाय कळत नाही. पण हा माणूस त्याच पद्धतीवर पोसलेला होता. कमी दर भरून काम घ्यायचं आणि मग "मैडम, ये तो एक्स्ट्रा निकल आया" म्हणत बिल फुगवत न्यायचं.

स्लॅबचे तुकडे काढून आम्ही तपासायला पाठवले. हॉलचा स्लॅब धडधाकट होता. स्वयंपाकघरावरचा मात्र आगीने पार कुचकामी झालेला, तोडून नव्याने ओतायला हवा होता. तो अहवाल मी दोनदा वाचला आणि मनातल्या मनात पेढे वाटले. ठेकेदार खालून काळं छत बघणार, रंगसफेदीचा हिशोब करणार आणि आकडा टाकून मोकळा होणार. टेंडरला जोडलेलं काही त्याने जन्मात वाचलं नव्हतं. मी अहवाल जोडला, तोही सगळ्यात वर. चोरून काही करायचंच नव्हतं मला. त्याला भर उजेडात बुडवायचं होतं.

घरी मुलीला सांगितलं. ती दिल्लीतच वाढलेली, गुरुग्रामला आयटी कंपनीत आहे.

"बारातघर उक्तं देतेय."

"उक्तं मतलब?"

"एकरकमी. फिक्स्ड प्राइस."

"अच्छा. पण जळलेल्या बिल्डिंगला ते चालत नाही, असं तूच म्हणतेस ना?"

"चालवणार."

"यार आई, हा तर रिव्हेंज आहे."

"बिल्कुल," मी म्हणाले आणि तव्यावरची पोळी उलटली.

साहेबांपुढे मी लग्नसराईचं कारण केलं. उक्त्यात मोजमापाची भांडणं नसतात, काम लवकर उरकतं. खोटं नव्हतं ते. माझा सहायक अभियंता मात्र चुळबुळला. "मैडम, आग वाले काम में आइटम रेट ही ठीक रहता है." मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने फाइल मिटली. त्याचं बरोबर होतं. साहेबांनी मंजुरी दिली, टेंडर निघालं, आणि आमच्या महाशयांनी सगळ्यात कमी आकडा टाकून काम खिशात घातलं.

पण उक्त्या कामात खराब निघालेलं दाखवून ठेकेदाराला काहीच मिळत नाही, झाकलं तर सगळंच मिळतं. हे मी विसरले नव्हते, सुडाच्या भरात बाजूला सारलं होतं. एक दिवस साइटवर गेले तर स्वयंपाकघराच्या त्या मेलेल्या स्लॅबला खालून नवंकोरं गुळगुळीत प्लास्टर. उद्या त्याच्याखाली कुणाच्या तरी लग्नाचे आचारी उभे राहणार होते. पद्धत मी निवडली होती, म्हणजे त्या प्लास्टरला माझाही हात लागलेला होता. त्यामुळे माझा राग निवला नाही, दुप्पट झाला.

"तोड़िए," मी ठेकेदाराला म्हणाले.

"सिर्फ प्लास्टर, मैडम?"

"स्लैब. पूरा."

त्यानंतर मी रोज तिथे जाऊन उभी राहिले, नाकाला ओढणी बांधून, धुळीत. त्या काळात नवऱ्यापेक्षा त्याचंच तोंड मी जास्त पाहिलं. स्लॅब तुटला, नवा ओतला गेला, आणि त्याचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. खोटं कशाला बोलू, मला छान झोप लागायची.

शेवटी तो ऑफिसात आला. "मैडम, आपने तो दुश्मनी निकाल ली."

"हाँ."

मी नाही म्हणेन अशी त्याची अपेक्षा असावी. गोंधळून म्हणाला, "पर किस बात की?"

मी दवाखान्याची आठवण करून दिली, अर्जाची करून दिली. तो कपाळाला आठ्या घालून खरोखरच आठवायला लागला. मग म्हणाला, "अच्छा, वो अर्ज़ी! वो तो हम सबके ख़िलाफ़ डालते थे. धंधे में चलता है, मैडम."

इतकी वर्षं मी त्याला मनात ठेचत होते आणि त्याच्या मनात मी एक दिवसही नव्हते. मग मला राहवलं नाही. ऑफिसात कुणालाच न सांगितलेलं मी त्याला सांगितलं: वडिलांचा फोन, त्यांचा प्रश्न, त्यांचं जाणं. बोलताना आवाज फुटला, त्याचाही मला संताप आला. तो हात जोडून ऐकत होता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, नाटक नव्हतं. मग एकदम उजळून म्हणाला, "मैडम, हॉल के सारे पंखे पिताजी के नाम से लगवा देता हूँ. नाम की पट्टी भी. मेरी तरफ़ से."

मनापासून बोलत होता तो. माझ्या वडिलांच्या नावाने मला लाच देत होता, आणि आपण काय करतोय हे त्याला कळतही नव्हतं. मी डोळे पुसले आणि कराराची फाइल त्याच्यापुढे सरकवली.

"पंखे एकमुश्त में आ चुके हैं," मी म्हणाले. "वो तो आपको वैसे भी लगाने हैं. बिना नाम के."