निर्वात नावाची मेंढी

काल मेंढी व्याली, गोठ्यात ओला, उबट वास सुटला आणि मला नातीची विज्ञानकथा आठवली. शाळेत असताना तिला ती सोमवारी वर्गापुढे वाचायची होती. आदल्या खेपेला ती अडखळली आणि पोरं हसली, म्हणून बाईंनी या वेळी अवघड शब्द आधीच पाठ करायला दिले होते. ते काही ध्यानात राहीनात. वही फेकून म्हणाली, "आज्जे, मी शाळंतच जात न्हाई." मी चौथी शिकलेली, मला तरी कुठले कळायला? पण आमच्या घराण्याने शेकडो मेंढ्या तोंडावरून ओळखल्या. म्हटलं, "रडू नको. अर्थ सांग, त्याची मेंढी शोधू." उल्का म्हणजे आभाळातून सुसाट येणारा दगड; ती आमची टक्कर मारणारी. कक्षा म्हणजे ग्रहाची फिरायची वाट. ती खुंट्याभोवती घिरट्या घालणारी. निर्वात म्हणजे जिथं काहीच नाही, हवासुद्धा नाही. नात खदाखदा हसली, "आज्जे, हे तर आपल्या खादाडी मेंढीचं प्वाट, कितीबी चारा, रिकामंच!" दोन दिवस आम्ही मेंढ्यांना त्याच नावांनी हाका मारल्या. सोमवारी ती न्हावऱ्याच्या शाळेतून पळत आली, माझ्यासमोरून थेट गोठ्यात गेली आणि खादाडीच्या गळ्यात पडून ओरडली, "निर्वाते, एकदाबी न्हाई अडखळले!" मला नंतर सांगितलं. आता ती शिरूरला कॉलेजात आहे. कोकराचं कळवलं तर फोनवर म्हणाली, "आज्जे, नाव ठिवू नको, मी शब्द धाडते."