भूलबाई आणि पाचवा सामना

आमच्या गावातल्या निम्म्याअधिक माणसांना भूलबाईंनी एकदा तरी बेशुद्ध केलेलं होतं आणि उरलेली माणसं त्यांच्याच हाताखालून जाण्याची वाट पाहत होती, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती समजू नका. गाव मिसिसिपीच्या काठचं, ट्रॅक्टरच्या कारखान्यावर पोसलेलं. माझ्या नवऱ्याला त्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही तिथे गेलो. मराठी घरं आमची चार. डाळी आणि हिंग संपले की शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर जायचं, तेही तीन तास गाडी हाकून. या चार घरांतलं एक घर एकटीचं होतं. त्या नागपूरच्या, पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, आणि गावातल्या एकुलत्या एका इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर. विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यावरून आमच्यातल्या एका वऱ्हाडी वहिनींनी त्यांचं नाव भूलबाई पाडलं. तोंडावर आम्ही त्यांना ताई म्हणायचो, पण मागे काय म्हणतो ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

भूल देताना त्या मराठीत बोलत. समोर आयोवाचा शेतकरी असो की मेथॉडिस्ट चर्चचा पाद्री, सुई टोचली की त्याच्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणायच्या, “झोप बेटा, मी आहे इथंच.” इस्पितळातल्या नर्सेसनी एकदा याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या की माणसाला झोपवायची भाषा मला एकच येते. आमचे शेजारी, मक्याची शेती करणारे एक धिप्पाड गृहस्थ, हर्नियाच्या ऑपरेशननंतर कुंपणापाशी आले आणि ‘झोप बेटा’ हे तुमच्या कुठल्या देवाचं नाव, असं मला विचारू लागले. मी अर्थ सांगितला. आई गेल्यापासून आपल्याला असं कुणी म्हणालं नव्हतं, एवढं बोलून ते घरात गेले.

अशा या बाईंचा दुसरा जीव बेसबॉलमध्ये होता. टीव्हीवर दिसणारे कोट्यधीश खेळाडू त्यांच्या गणतीतही नव्हते. आमच्या गावाचा एक छोटा व्यावसायिक संघ होता; मोठ्या संघात जायची आशा धरून पोरं तिथे तुटपुंज्या पगारावर खेळत. त्यांचा प्रत्येक सामना भूलबाई नदीकाठच्या मैदानावर जाळीला खेटून असलेल्या बाकावर बसून पाहत. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, अंबाड्यावर कशीबशी टिकलेली संघाची टोपी, आणि मांडीवर चिवड्याचा डबा. तो चिवडा असा जहाल असे की आजूबाजूचे लोक बिअर त्या चिवड्यासाठी घेतात की चिवडा बिअरसाठी, हे कळत नसे. पंचाने निर्णय विरुद्ध दिला की “डोळे तपासून घे न बाप्पा” असं त्या शांतपणे सांगत. समोरच्या संघाच्या हातून चेंडू सुटला आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं, तरी त्यांचे हात डब्यावरच असत. दुसऱ्याच्या चुकीवर टाळी वाजवणं त्यांना जमत नसे. मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती चिवड्यासाठी आणि मराठी बोलायला मिळावं म्हणून. खेळ मला फारसा कळायचा नाही. एकदा मी पाहिलं, चेंडू हवेत होता, हजारभर माना वर होत्या आणि या बाई खाली उभ्या असलेल्या खेळाडूंकडे पाहत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “चेंडू काय, तो खालीच येते. मी पोरं पाहून राहिली.”

नदीच्या पलीकडच्या गावाचाही असाच एक संघ होता आणि दोन्ही गावांचं वैर आमच्या पुलापेक्षा जुनं होतं. तिकडची मुलगी सून करून आणली तर लग्नात दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या टेबलांवर बसत. त्या वर्षी मोसम संपताना विजेतेपदासाठी हेच दोन संघ समोरासमोर आले. पाच सामन्यांची मालिका. दोन त्यांनी जिंकले, दोन आम्ही, आणि पाचवा आमच्या मैदानावर. दुकानं लवकर बंद झाली. कारखान्याने दुसरी पाळी उशिरा सुरू करायचं कबूल केलं. भूलबाईंनी तर, आपल्याला कुणी अपेंडिक्स घेऊन बोलावू नये म्हणून, महिनाभर आधीच सहकाऱ्याशी ड्यूटी बदलून घेतली होती. गेली बारा-तेरा वर्षं त्या या एका संध्याकाळची वाट पाहत होत्या.

पलीकडच्या संघात एक लाल दाढीचा कॅचर होता. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, आपल्या विकेटकीपरसारखा. गालात तंबाखूचा मोठा गोळा धरून तो फलंदाजाशी सतत काहीतरी पुटपुटायचा आणि त्याचं चित्त उडवायचा. आमचं गाव त्याचा मनापासून द्वेष करत असे. तो आला की मैदानभर हुर्यो उडायची. भूलबाईसुद्धा जाळीमागून त्याला चारही सामने “तोंड बंद ठेव” असं मराठीत बजावत होत्या.

सामना बरोबरीत होता. नऊ डावांपैकी सातव्या डावात आमचा एक दांडगा खेळाडू धाव पुरी करायला होम प्लेटकडे, म्हणजे कॅचर बसतो त्या पाटीकडे, सुसाट निघाला. चेंडू कॅचरच्या हातात आला आणि त्याच क्षणी आमचा गडी त्याच्यावर येऊन आदळला. तेव्हा नियमात ते बसत होतं. चेंडू सुटला, धाव मोजली गेली आणि मैदान असं गर्जलं की बाक थरथरले. मीही उभी राहून ओरडत होते. शेजारी पाहिलं तर चिवडा जमिनीवर सांडलेला आणि बाई जागेवर नव्हत्या.

जाळीच्या कडेला एक छोटं फाटक होतं. साडीचा काठ एका हाताने वर धरून त्या त्यातून आत धावल्या होत्या. एक पोलीस अडवायला पुढे झाला, पण त्यांचा चेहरा पाहून बाजूला सरला. त्यालाही कधीतरी त्यांनी झोपवलं असणार. लाल दाढीवाला उताणा पडला होता आणि त्याचे सोबती त्याला खांदे धरून बसवायला निघाले होते. “डोन्ट लिफ्ट हिम,” असं त्या एकदाच म्हणाल्या, आणि ती मोठाली पोरं शाळेत असल्यासारखी मागे झाली. त्या धुळीत गुडघे टेकून त्याच्या डोक्यामागे बसल्या, मान हलू नये म्हणून डोकं दोन गुडघ्यांत धरलं आणि त्याच्या तोंडात बोटं घातली. तंबाखूचा तो गोळा घशात जाऊन अडकला होता. त्यांनी तो ओढून बाहेर फेकला, दोन्ही हातांनी त्याचा जबडा वर उचलून धरला आणि बोलायला लागल्या. एव्हाना लोकांना कळलं होतं. इतकी शांतता पसरली की जाळीपाशी मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“घे बेटा, श्वास घे. घे न. आणखी एक. झोपायचं नाही आता.”

माझ्या मागे कुणीतरी रडत होतं. आमचा तो दांडगा गडी टोपी छातीशी धरून त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता. मग त्या लाल दाढीवाल्याची छाती हलली, एकदा, आणि पुन्हा. रुग्णवाहिका येईपर्यंत बाईंनी जबडा सोडला नाही आणि आल्यावरही नाही. तशाच, हात न काढता, त्याच्याबरोबर आत चढल्या आणि गेल्या.

सामना पुढे खेळला गेला. आम्ही त्या एका धावेने जिंकलो.

मी नवऱ्याबरोबर तडक इस्पितळात गेले. बाई अतिदक्षता विभागाबाहेर खुर्चीत बसल्या होत्या, साडी धुळीने माखलेली, टोपी कुठे पडली याचा पत्ता नाही. पोरगा शुद्धीवर आला होता आणि त्याने आपल्या आईचं नाव बरोबर सांगितलं होतं. मी जिंकल्याचं सांगितलं. त्या खुलल्या, माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, “आता सांग. पहिल्यापासून. शेवटचे दोन डाव मला सगळे सांग.”

मी सांगायला लागले आणि अडखळले. मला काहीच आठवेना. नवऱ्याकडे पाहिलं, तोही मान हलवू लागला. तेवढ्यात मैदानावरून आलेली एक नर्स दिसली, बाईंनी तिला विचारलं. आमचे मक्यावाले शेजारी आले, त्यांना विचारलं. शेवटी त्या शेजाऱ्यांनीच खाली मान घालून सांगून टाकलं, की डॉक्टर, रुग्णवाहिका ज्या फाटकातून गेली त्या फाटकाकडे आम्ही सगळे पाहत बसलो होतो. सामना संपला हेसुद्धा दिवे बंद व्हायला लागले तेव्हा कळलं.

बाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “म्हणजे मी एकटीनंच नाही चुकवला सामना.”

आता तो संघही गावात राहिला नाही आणि आम्हीही नाही. नदीकाठच्या त्या गावात एका वर्षी आम्ही जिंकलो होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कसे जिंकलो, हे सांगू शकेल असा माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.