सीता गुंफेच्या दाराशी सासूबाईंच्या चपला

आता हे सांगू की नको, असं झालंय बघा. पण बायकोने सोसायटीभर सांगून टाकलंच आहे, तर निदान तुम्हाला तरी माझ्या तोंडून कळू दे. मी सासूबाईंना हरवलं! तेही भर दुपारी, पंचवटीत, स्वतःच्या गावात.

सासूबाई नांदगावच्या. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काडी, जिभेने तिखट. बघण्याच्या कार्यक्रमातच त्या माझ्याबद्दल म्हणाल्या होत्या, "पोरगा बरा हाय, पण ह्याच्या भरवशावर मी शेळी बी सोडायची नाय." बावीस वर्षं ती शेळी माझ्या मानेवर बसलेली आहे. त्या रविवारी नेमकी बायकोला जादा ड्यूटी लागली आणि आईला नाशिक दाखवायचं काम माझ्याकडे आलं. निघताना तिने दोनदा बजावलं, "आईला ब्लडप्रेशर आहे. गर्दीत तिचा हात सोडू नका."

शेळीचा डाग धुऊन काढायची एवढी नामी संधी पुन्हा मिळणार होती का?

काळाराम मंदिर झकास झालं. मग सीता गुंफेच्या रांगेत उभे राहिलो. सासूबाईंनी विचारलं, "आतून कशी हाय हो, जावईबापू?"

इथेच घात झाला. खरं सांगू? अख्खा जन्म नाशिक रोडला गेला, पण त्या गुंफेत मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आपल्याच गावातलं कोण बघतं? तुम्ही तरी बघितलंय का सगळं? पण तोंडातून निघून गेलं, "अहो, शंभरदा पाहिलीय! बसून सरकत उतरायचं, बस्स."

"मग चला की."

मी त्या चिंचोळ्या वाटेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. म्हटलं, "तुम्ही जाऊन या. मी इथेच उभा राहून सामान सांभाळतो." त्यांनी पर्स, मोबाइल आणि चपला माझ्या हवाली केल्या, पदर खोचला आणि सरसर दिसेनाशा झाल्या.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. माणसं आत जात होती, बाहेर मात्र कोणीच येत नव्हतं! सासूबाईंच्या मागून गेलेलं सात जणांचं कुटुंबच्या कुटुंब गायब! आत नक्की कोणीतरी अडकलंय, आणि ते माणूस आमचंच असणार. शेजारच्या फुलवालीला विचारावं म्हटलं, पण काय विचारणार? नाशिककराने नाशिकची गुंफा विचारायची?

तेवढ्यात सासूबाईंचा मोबाइल वाजला. बायको!

"आईचा फोन तुमच्याकडे कसा? आई कुठाय?"

"दर्शन घेतायत."

"हात धरलाय ना?"

"धरलाय, धरलाय!" हातात चपला होत्या.

फोन ठेवला आणि माझा धीर सुटला. पर्स खांद्याला अडकवली, माझ्या चपला तिथेच सोडल्या, सासूबाईंच्या चपला छातीशी धरल्या आणि "थांबा, आत पेशंट आहे!" असं ओरडत रांग मोडून घुसलो. बसलो, सरकलो आणि तिसऱ्या पायरीवर अडकलो. पुढे अंधार, मागे माणसं.

"काका, पोट आत घ्या!"

"घेतलंय हो!"

"मग श्वास सोडा!"

"सासूबाई!" मी खाली हाक मारली.

खालून कोणी बाई म्हणाली, "इथे कोणी नाही सासूबाई. सरका पुढे."

तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. शेळीबिळी सगळं विसरलो. एवढीशी म्हातारी, चक्कर येऊन कुठे पडली असेल तर? तिच्या लेकीला मी काय तोंड दाखवू? तेवढ्यात मागून कोणीतरी जोर लावला, शर्टाचं बटण तुटलं आणि मी खाली पोचलो. देवापुढे सासूबाई नव्हत्या. गर्दीने मला तसंच पुढे ढकललं, चार पायऱ्या चढवलं आणि एकदम लख्ख ऊन!

दुसरं दार होतं हो! सगळं जग तिथून आरामात बाहेर पडत होतं.

समोर वडाखाली सासूबाई अनवाणी बसल्या होत्या. शेजारी एक कॉन्स्टेबल बाई वहीत लिहून घेत होत्या आणि सासूबाई सांगत होत्या, "पन्नाशीचा हाय. पोट लय सुटलंय. चौकड्याचा शर्ट. सरळ हाय हो बिचारा, कोणी बोलावलं की जाईल मागं."

कॉन्स्टेबल बाईंनी मान वर केली. धुळीने माखलेला शर्ट, खांद्याला लेडीज पर्स, छातीशी बायकी चपला. "मावशी, हेच का?"

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शंभरदा पाहिलीय म्हणालात ना? मग ही वाट एकदा बी नाय दिसली?"

त्यांनी चपला घातल्या, पर्स घेतली आणि माझं मनगट पकडलं. माझ्या चपला पलीकडच्या दाराशी राहिल्या होत्या. त्या आणायलाही मला एकट्याला जाऊ दिलं नाही.

रिक्षात बसतोय तोच बायकोचा पुन्हा फोन. या वेळी सासूबाईंनीच उचलला.

"आई, हात धरलाय ना नीट?"

"धरलाय गं," सासूबाई म्हणाल्या. "घरी येईस्तवर सोडत नाय मी त्यांना."