दिगूकाकांच्या काउंटरवरचे कॅमेरे

किश्शांचं लग्नाच्या अल्बममधून उरलेल्या फोटोंसारखं असतं. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते. माझ्याकडे असा खोकाभर माल आहे, आणि तो सगळा दिगूकाकांच्या दुकानातला.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत काकांचा फोटो स्टुडिओ होता. फॉर्मला लागणारे पासपोर्ट फोटो काढून आमचं बरं चाललं होतं. मग डिजिटल कॅमेरे आले आणि काकांनी तेही विकायला ठेवले. मी काउंटरवर. मेगापिक्सल, झूम, बॅटरी, सगळं पाठ करून घडाघडा बोलायचो. काका मला गप्प करून गिऱ्हाइकाला एवढंच विचारायचे, "फोटो कुणाचे काढणार?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला मशीनमधलं काही कळत नाही.

*

मुदखेडचे एक रिटायर्ड गुरुजी आले. नातवंडांचे फोटो काढायचे होते. मी ऐटीत सात मेगापिक्सलचा पुढे केला.

"पाचच्या खालचा न्हाई का?"

"गुरुजी, किमतीचं आपण जमवू की."

"किमतीचं न्हाई बाबा. जावयाकडं पाचचा हाय. सासऱ्यानं सातचा घेतला तर माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागंल."

काकांनी मुकाट्यानं चारचा काढून दिला. वर सल्लाही दिला, "जावई आले की बॅटरी संपली म्हणायचं." गुरुजी खूश होऊन गेले.

*

देवणीच्या व्यंकटरावांना त्यांच्या वळूचे फोटो काढायचे होते. वळू प्रदर्शनात बक्षीस मिळवणारा.

"आख्खा मावला पाहिजे. शिंगं आली की शेपूट गेलं, असं नको."

मी म्हणालो, "चार पावलं मागं सरकायचं."

"मागं गोठ्याची भिंत हाय."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून वळूच दुकानापुढे हजर! नेमका फिजिक्सचा क्लास सुटलेला. डॉक्टर व्हायला आलेली दोनशे पोरं वळूभोवती गोळा झाली, गल्ली बंद पडली. काकांनी समोरच्या भिंतीला पाठ टेकवून एकेक कॅमेरा लावून बघितला. तिसऱ्यात वळू शिंगापासून शेपटीपर्यंत आला. व्यंकटरावांनी स्क्रीन त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं हुंगला आणि नाकातून जोरात फुर्र केलं.

"बांधा," व्यंकटराव म्हणाले, "पसंत हाय त्याला."

*

बिलोलीचे एक क्लार्क. पोराला क्लाससाठी लातूरला खोली करून दिलेली. त्यांना फोटोवर तारीख उमटणारा कॅमेरा हवा होता. पोरानं रोज अभ्यासाला बसल्याचा एक फोटो काढायचा, अशी अट.

महिन्यानं ते प्रिंट काढायला आले. तीस फोटो, तीस तारखा, शर्टही बदललेले. पण टेबलावर अर्धं सोललेलं केळं तीसच्या तीस फोटोंत तसंच! पोरानं कॅमेऱ्यातली तारीख बदलत सगळे एका बैठकीत उरकले होते. मी बोलणार, तेवढ्यात काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

केळं बापालाही दिसलं. ते बराच वेळ एकेक फोटो बघत राहिले.

"महिनाभरात एक केळं संपवलं न्हाई हो पोरानं. लई टेन्शन घेऊन राहिलंय." आणि कोपऱ्यावरून दोन डझन केळी घेऊन ते तडक खोलीवर गेले.

*

आणि एक माणिकराव. भूकंपाच्या पट्ट्यातले. धाकट्या लेकीला अकरावीचा क्लास लावायला आले होते, ती सोबतच होती.

काकांनी नेहमीचं विचारलं. ते म्हणाले, "हिचे काढायचेत."

मी एक साधा कॅमेरा दाखवला. त्यांनी विचारलं, "यातले फोटो राहत्यात कुठं?"

"कार्डात."

"आन कार्ड?"

"कॅमेऱ्यात. कॅमेरा घरी कपाटात ठेवायचा."

त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. "मग न्हाई जमायचं."

लेक आत आरशापुढे केस नीट करत होती. तिकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "हिच्या आधीची थोरली भूकंपात गेली. तिचा एकच फोटो होता, जत्रेत काढलेला. भिंतीवर लावलेला. भिंतीसंगं तोबी गेला. आता हिची आई म्हणती, हिचं नाक थोरलीवाणी हाय. मी म्हणतो, न्हाई. खरं म्हंजी दोघांनाबी नीट आठवंना झालंय."

काका उठले. "कॅमेरा राहू द्या," म्हणाले, आणि पोरीला स्टुलावर बसवून त्यांनी स्वतः फोटो काढला.

माणिकरावांनी सहा प्रती मागितल्या आणि प्रत्येकीमागे मला नाव लिहायला लावलं. एक उदगीरच्या बहिणीकडे. एक नांदेडच्या मेहुण्याकडे. एक निलंग्याच्या साडूकडे. एक औशाच्या मावशीकडे. एक पोरीच्या शाळेतल्या बाईंकडे. सहावी त्यांनी काकांच्या हातात दिली, "ही तुमच्यापाशी असू द्या." मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

पाकीट देताना काकांनी विचारलं, "घरी लावायला एक काढू का?"

"घरी कशाला?" माणिकराव म्हणाले. "घरी आम्ही असतोच की."