मंगलच्या बांगड्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, म्हणून असेल.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ. मी वस्तीच्या शांतता समितीवर आहे — महिला प्रतिनिधी. मीटिंगला खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि साहेब दर वेळी म्हणतात की बायका मुळातच शांतताप्रिय, त्या पुढे आल्या की भांडणं मिटतात. सगळे मान डोलावतात. मीही डोलावते. दुसरं काय करू?

सहा वर्षं झाली. मिरवणुकीच्या वाटेवरून आमची आणि खालच्या वस्तीची जुंपली. पहिल्याच दिवशी माझ्या पोराचं, नितीनचं डोकं फुटलं, सात टाके पडले. माझं डोकं फिरलं होतं हे खरं — पण ते कारण म्हणून सांगत नाही.

गल्लीतले पुरुष काठ्या जमवत होते. एकटा सुधाकर नको म्हणत होता. सुधाकर आमच्या भिंतीपलीकडचा शेजारी, रिक्षा चालवायचा. खालच्या वस्तीतले एक म्हातारे त्याच्या ओळखीचे. संध्याकाळी त्यांच्याशी बोलणं ठरलंय, तोवर थांबा, असं तो दारोदार सांगत होता. लोक ऐकूही लागले होते — आणि तेच मला सहन होईना. माझ्या पोराच्या रक्ताचं काय? हा कसला पुरुष?

भित्र्या पुरुषाला बायका बांगड्यांचा आहेर देतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. दुपारी बायका पाणी भरायला गेल्या होत्या. मी चार बांगड्या पिशवीत घातल्या, सुधाकरच्या दाराच्या कडीला अडकवल्या आणि घरी येऊन भांडी घासत बसले.

बांगड्या कोणाच्या — इथे माझी जीभ अडते. मंगलच्या. सुधाकरच्या बायकोच्या. आदल्या आठवड्यात ती माझ्याकडे पुरणपोळ्या करायला आली होती. कणीक मळताना हातातल्या चार जास्तीच्या काढल्या आणि फळीवर विसरून गेली. हिरव्या, सोनेरी टिकल्यांच्या, त्यानंच जत्रेतून आणलेल्या. हाताला लागल्या त्या उचलल्या, असं मी कित्येक वर्षं मनाला सांगत आले. खोटं आहे ते. माझ्या स्वतःच्या हातात बांगड्या नव्हत्या का? बायकोनंच पाठवल्या असं वाटलं, तर हा घरात थांबणार नाही — एवढा विचार मी केला होता. नीट केला होता.

तो थांबला नाही. म्हाताऱ्यांकडे जायचं सोडून काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे उतरला. पेव्हर ब्लॉक लागून त्याचा डावा डोळा गेला. रिक्षा सुटली. तेव्हापासून घरीच बसून असतो.

पुढे मंगलनं मला विचारलं होतं, माझ्या बांगड्या तुमच्याकडे राहिल्या होत्या का. मी नाही म्हटलं. नळावर काढल्या असशील, असंही वर म्हटलं. तिनं विश्वास ठेवला. लाज वाटली का मला? वाटली. पण त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं.

आता तीही समितीवर आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीत. गेल्या महिन्यात मीटिंगहून परतताना आम्ही डोंगराच्या पायऱ्या चढत होतो. माझे गुडघे दुखतात, तिनं माझा हात धरला होता. मधेच थांबून ती म्हणाली,

"वैनी, त्यांना वाटतं त्या बांगड्या मीच अडकवल्या. सहा वर्षं तेच विचारतायत. परवा मी हो म्हटलं. म्हटलं, एकदाचं मिटू दे ना."

तेव्हा तरी बोलायचं होतं. पायऱ्यांवर दुसरं कोणी नव्हतं. माझा हात तिच्या हातात होता.

मी म्हटलं, "बरं केलंस."

आता सुधाकर तिच्या हातचं खात नाही. दोन्ही वेळचं ताट माझ्या घरून जातं. मंगलच येऊन घेऊन जाते.